इस्माईलचाचांनी न शिवलेलं पार्सल

बर्फात पहारा देणाऱ्या माणसाला चार फुटी ऊस पाठवणाऱ्या गावाला तुम्ही काय म्हणाल? देशभक्त? मीही तेच म्हटलं असतं, त्या उसाच्या शेजारी इस्माईलचाचा टेप घेऊन बसलेले नसते तर.

चाचा आमच्या गावचे शिंपी. गाव कडेगावच्या अलीकडे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी फौजेत. त्यामुळे चाचांच्या दुकानाला ब्लाउज-पायजम्यांमुळे होतं तितकंच महत्त्व पार्सलांमुळेही होतं. आता खोकी मिळतात, चिकटपट्टी मिळते, कुरिअरची गाडी दारात येते. तरी आमच्याकडे मांजरपाटात शिवलेलं नसेल ते पार्सल नव्हेच, अशी समजूत. चाचा जाड दाभणानं टाके घालायचे, गाठीगाठीवर लाख ओतायचे आणि काळ्या शाईनं पत्ता लिहायचे. अक्षर एवढं मोठं की पत्ता वाचायला दिल्लीहूनही जमावं. त्यांचा एकच नियम होता. "एकदा त्वांड शिवलं का खुदाचं नाव. परत उसवायचं न्हाई." म्हणून शेवटचा टाका घालण्याआधी ते मान वर करून विचारायचे, "मिटवू?" आणि समोरचा चाचपडायचा. लग्नात अंतरपाट दूर व्हायच्या वेळी नवरा चाचपडतो तसा.

त्यांना आणखी एक खोड होती. पार्सलात टाकायला कोणी काही आणलं की ती वस्तू ते हातात घेऊन उलटसुलट बघत आणि तोंडातल्या टाचण्या न काढता विचारत, "ह्ये पोरासाठी पाठवतुयास का सोतासाठी?" हा प्रश्न पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मला तो शिंप्याचा तिरसटपणा वाटला. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. आमच्या घरात भाजी कमी आणि पत्रकं जास्त येत. मीही चाळीस पत्रकं घेऊन दुकानात गेले होते. शेतकऱ्याचं पोरगंच फौजेत का मरतं, असा त्यांचा मथळा होता. चाचांनी एक पत्रक पूर्ण वाचलं, अगदी खालचं मुद्रकाचं नावसुद्धा. मग विचारलं, "पोरी, ह्ये अमरसाठी हाय का तुज्यासाठी?"

मी म्हटलं, "त्याच्याचसाठी. त्याला त्याचे हक्क कळले पाहिजेत."

"त्यो तितं उणे किती डिग्रीत हुबा हाय, त्येला तू सांगनार की तितं त्योच का हुबा हाय? त्येला ठावं हाय, बाय. तुला आत्ता कळलंय." पत्रकं त्यांनी ठेवून घेतली. कागद जाड होता. पुढं दोन वर्षं आमच्या गल्लीतल्या बायकांच्या ब्लाउजांचे नमुने माझ्या मजकुरावर कापले गेले.

अमर म्हणजे शालनकाकीचा मुलगा. वडील लहानपणी वारले, बहीण इस्लामपूरला दिलेली, घरात मायलेक दोघंच. त्याची नेमणूक लडाखमध्ये अशा ठिकाणी झाली होती, जिथली वाट बर्फ पडायला लागलं की बंद होते. आमच्याच गावचा दिलीप सुट्टीवर आला होता. तो त्याच बाजूला परत जाणार होता, आणि आमच्याकडची रीत अशी की सुट्टीवरून परतणाऱ्या गड्यानं वाटेतल्या सगळ्यांची पार्सलं न्यायची. दिलीप शुक्रवारी मिरजेहून गाडी धरणार होता. सोमवारी सरपंचांनी ग्रामपंचायतीत बैठक घेतली आणि 'पार्सल समिती' नेमली. अकरा माणसांची. एका पार्सलाला.

समितीनं दवंडी दिल्यासारखा व्हॉट्सअपवर निरोप फिरवला, आणि चाचांच्या दुकानापुढं रांग लागली. शेंगदाण्याची चटणी आली, खर्ड्याची बरणी आली, गुळाची ढेप आली. साताऱ्याचे कंदी पेढे आले, औंधच्या यमाईचा अंगारा आला, आणि तीन मुलींची माहितीपत्रकं फोटोसकट आली. कोणी विरजण लावलेलं दही आणलं. संपतराव मात्र आपल्या फडातला एकच ऊस घेऊन आले. कांडं मनगटाएवढं.

चाचांनी टेप लावला. "पार्सल दोन फूट. ऊस चार फूट. मधनं मोडू?"

"मोडायचा न्हाई!" संपतराव ओरडले. "कांडी मोजता आली पायजेत की! लडाखला पोचलेला पयला ऊस हाय ह्यो. अमरला म्हणावं, हातात धरून फोटू काढ."

"म्हंजी ऊस अमरनं खायचा न्हाई?"

"खाईल की फोटू झाल्यावर."

"मंग तुमच्यासाठी हाय. ह्या अंगाला ठेवा." आणि चाचांनी ऊस डाव्या ढिगात टाकला. त्यांनी दोन ढीग केले होते. उजवीकडं पोराचं, डावीकडं आपलं.

निवृत्त झालेले गुरुजी तर टेबल फॅन घेऊन आले.  चाचांनी टाचण्या तोंडातून काढल्या, हे फार क्वचित घडायचं. "गुरुजी, तितं बरफ हाय."

"अहो, मागच्या मे महिन्यात आला होता तेव्हा पोरगा घामानं निथळत होता. डोळ्यांनी पाहिलंय मी."

"गुरुजी, खरं सांगा."

गुरुजींनी इकडंतिकडं पाहिलं. "घरात एसी बसवलाय. हा टाकवत नाही हो." फॅन डावीकडं गेला.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत डावा ढीग शिलाई मशीनच्या उंचीचा झाला. उजवीकडं लोकरी मोज्यांचे दोन जोड आणि ओठांना लावायच्या जेलीची डबी. समितीला हे पटलं नाही. सरपंच म्हणाले, दोन्ही ढीग जातील, गावाच्या भावना आहेत. दिलीपनं आधीच बजावलं होतं की सहा किलोच्या वर नेणार नाही. तेव्हा वजन करायचं ठरलं.

इथं आमच्या गावाला समजून घ्या. आम्ही ऊसवाले. वजन म्हटलं की आम्हाला एकच काटा सुचतो, साखर कारखान्याचा. वाण्याकडं तराजू होता, रेशन दुकानात होता, दवाखान्यात तर बाळं तोलायचा होता. पण समिती पार्सलाचं पोतं ट्रॅक्टरमध्ये घालून कारखान्यावर गेली. हंगाम सुरू व्हायचा होता, काटा रिकामाच होता, आणि काट्यावरचा माणूस आमच्याच गावचा. ट्रॅक्टर बाजूला लावून पोतं त्या अवाढव्य लोखंडी फळीच्या मधोमध ठेवलं. सगळे मागं सरले. आकडा आला, शून्य.

"काय सांगतुस! काईच वजन न्हाई?" सरपंच हरखले.

काट्यावरच्यानं सांगून पाहिलं की हा काटा वीस किलोच्या खाली काही बोलत नाही, तो गाड्या तोलायला आहे. पण आयुष्यभर ज्या काट्याशी भांडलो तो पहिल्यांदाच आमच्या बाजूनं बोलत होता, त्यामुळे कोणी ऐकलं नाही. समिती आनंदानं परत आली आणि पोत्यात गुळाची दुसरी ढेप घातली. पुन्हा कारखाना. आकडा हलला आणि टनात शून्याच्या पुढं बारीकसं काहीतरी दिसलं. समितीतला एक जण म्हणाला, "टनाला पोचायला अजून लय हाय." मग घोंगडी घातली. फॅनही घातला.

बुधवारी सकाळी ते पोतं चाचांच्या दुकानात येऊन बसलं. दोघांनी धरून आणावं लागलं. सरपंच, ग्रामसेवक, समिती, फोटो काढायला चार पोरं. चौकात कालपासून दहा फुटी फ्लेक्स लागलाच होता, 'आमचा अभिमान, वीर जवान अमर'. त्यात अमर गणवेशात मधोमध आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून सरपंच. दोघं एकत्र असे कधी उभे राहिले नव्हते. ते काम संगणकानं केलं होतं.

"शिवा चाचा," सरपंच म्हणाले. "फोटो काढायचाय."

चाचांनी दाभण ओवलं. मग ते तसंच मांजरपाटाला टोचून ठेवलं आणि म्हणाले, "न्हाई शिवनार."

झालं असं होतं. इतक्या गदारोळात अमरला काय हवंय हे त्याला विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. ते चाचांनी समिती नेमण्याआधीच केलं होतं. अमरचा फोन रविवारी पाच मिनिटं लागायचा. चाचा शालनकाकीच्या घरी जाऊन बसले होते आणि पाचातलं एक मिनिट मागून घेतलं होतं. "काय पाठवू रं?" अमर म्हणाला होता, "चाचा, खायला घालतात हो इथं. मला फक्त दाखला पाठवा."

काकीच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिन्याच्या आत ऑपरेशन, त्यापुढं मी हमी घेत नाही. काकीचं म्हणणं होतं, "अमर आल्याबिगर मी त्या टेबलावर झोपनार न्हाई. मेले तर मेले." अमरनं सुट्टी मागितली होती. युनिटनं कागद मागितला होता की आईचं ऑपरेशन खरंच ठरलं आहे आणि घरात दुसरं करतं माणूस नाही. मूळ कागद, शिक्क्यासकट. असा दाखला ग्रामपंचायत देते. काकी छातीवर हात दाबत तीनदा तिथं जाऊन आली होती. तीनदा ग्रामसेवकांनी अदबीनं सांगितलं होतं की फॉर्मवर अर्जदार म्हणून सैनिकाचं नाव आहे, तेव्हा अर्जदारानं समक्ष येऊन सही करायला हवी.

पुन्हा वाचा. घरी यायला सुट्टी मिळावी म्हणून जो कागद लागतो, तो घ्यायला त्यानं आधी घरी यायचं. हे सांगणारा माणूस पार्सल समितीचा सदस्य होता. कंदी पेढे त्यानंच आणले होते.

चाचांनी हे सगळं त्या गर्दीसमोर सांगितलं, आवाज न चढवता. "कागुद आना. मंग ह्येचं त्वांड शिवतो. तवर न्हाई."

ग्रामसेवकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. ते म्हणाले, "चाचा, नियम मी केलेला नाही." आणि समितीतला एक जण, नाव लिहीत नाही, लिहिण्याइतकं ते महत्त्वाचं नाही, मागून बोलला, "चाचा, देशाच्या कामात आडवं येऊ नका. निदान तुमी तरी."

त्या 'निदान तुमी तरी'चा अर्थ दुकानातल्या प्रत्येकाला कळला. माझ्या तोंडात तयार पत्रक होतं, अख्खं, मथळ्यासकट. पण चाचांनी माझ्याकडं नजरेनंच गप्प राहा म्हणून पाहिलं. मग त्या माणसाला म्हणाले, "देशाचं काम अमर करतोय, गड्या. आपल्याकडं फकस्त पार्सल हाय. आन् त्ये आपल्याला धड जमंना."

दुपारी त्यांनी मला हाक मारली. "पोरी, स्टूल घे." मला वाटलं पडदे लावायचे असतील. आम्ही चौकात गेलो. भर उन्हात, वडापचे जीपवाले, दूधवाले, कट्ट्यावरची म्हातारी सगळे बघत असताना चाचा स्टुलावर चढले आणि कापड कापायच्या मोठ्या कात्रीनं फ्लेक्समधून अमरला कापू लागले. टोपीपासून बुटापर्यंत, शिवणीसाठी अर्धा इंच जादा सोडून, हाताच्या सवयीनं. अडचण आली ती खांद्यापाशी. सरपंचांचा हात सुटेना. हात कापावा तर अमरचा खांदा जात होता. चाचांनी क्षणभर विचार केला आणि सरपंचांना मनगटापाशी कापलं.

मग ती मिरवणूक निघाली. पुढं चाचा, मागं मी, दोघांच्या मध्ये आडवा अमर. त्याच्या मागं शालनकाकी, आणि काकीच्या मागं मोजता येणार नाहीत इतक्या बायका. ग्रामपंचायतीत जाऊन चाचांनी अमरला भाऊसाहेबांच्या समोरच्या खुर्चीवर बसवला. गुडघ्यात दुमडून, पाठ टेकवून, शिंप्याला माणसाची मापं ठाऊक असतात तशी.

"घ्या, भाऊसाहेब. अर्जदार समक्ष."

"चाचा, ह्याला काय अर्थ आहे?"

"आवं, चौकात हुबा केल्याला चालतो, हापिसात बसल्याला चालत न्हाई व्हय? कालपास्नं सगळं गाव ह्येच्यासंगं फोटू काढतंय. कुनी म्हटलं न्हाई, ह्यो अमर न्हवं."

भाऊसाहेबांनी अमरच्या खांद्याकडं बोट दाखवलं. "आणि हा हात कोणाचा?"

"सरपंचांचा. म्हंजी त्येंचाबी पाठिंबा हाय."

एवढ्यात सरपंच आले. ते फ्लेक्स फाडल्याचा जाब विचारायला आले होते, चेहरा लालबुंद. दारातच थांबले. खुर्चीवर अमर बसला होता आणि त्याच्या खांद्यावर अंगठी घातलेला एक नुसता हात होता. खिडकीतून बायका हसायला लागल्या. आधी एक, मग सगळ्या. हसली नाही फक्त शालनकाकी. ती भिंतीला धरून उभी होती, ओठ निळसर झाले होते, आणि श्वास आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. हसू हळूहळू विरलं. त्या खोलीत मग फक्त तो श्वास राहिला.

सरपंच तसे वाईट माणूस नव्हते. सकाळी त्यांनी नुसतं ऐकलं होतं, काकीला पाहिलं नव्हतं, एवढंच. ते काकीकडं बघून म्हणाले, "भाऊसाहेब, द्या त्यो कागद. आन् माजा हात सोडवा."

भाऊसाहेबांनी कोरा फॉर्म घेतला. अर्जदार या रकान्यात अमरच्या ऐवजी शालनकाकीचं नाव लिहिलं. काकीनं सही केली. शिक्का बसला. घड्याळात दोन मिनिटं गेली होती. मी नंतर खूप काही लिहिलं, छापलं, वाटलं, पण त्या दोन मिनिटांइतका राग मला कशाचाही आलेला नाही. नियम कधी आडवा नव्हताच. रकान्यात दुसरं नाव लिहिण्याचा कंटाळा आडवा होता, आणि त्या कंटाळ्यापायी एक बाई मरणार होती, गळ्यात सगळ्या गावाच्या कौतुकाचा हार घालून.

गुरुवारी चाचांनी पार्सल शिवलं. मोजे, जेलीची डबी, काकीनं केलेला भडंग, बस्स. वजन त्यांनी हातानंच केलं, "दीड किलू". दाखला त्यांनी पार्सलात घातला नाही. दिलीपला शर्ट काढायला लावून त्यांनी बनियनच्या आतून एक खिसा शिवला, कागद मेणकापडात गुंडाळून त्यात ठेवला आणि खिशाचं तोंडही टाके घालून बंद केलं.

"चाचा, अंघूळ कशी करू?" दिलीपनं विचारलं.

"पोचल्यावर कर."

"तीन दिवसाचा परवास हाय!"

"लोकं तुज्यापास्नं लांब बसतील. कागुद सुरक्षित ऱ्हाईल." आणि मग, दिलीप बनियन घालून उभा असतानाच, चाचांनी त्याच्या छातीवर हात ठेवून विचारलं, "मिटवलंय. उसवायचं कुनी?"

"अमरनं."

"शाबास."

डाव्या ढिगातलं खायचं होतं ते आम्ही त्या संध्याकाळी चाचांच्या ओट्यावर बसून खाल्लं. संपतरावांनी ऊस स्वतः मोडला, रडवेल्या तोंडानं, आणि सगळ्यांना एकेक कांडं दिलं. गोड होता, हे कबूल करायला हवं.

अमर आला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सकाळच्या गाडीनं, नाकावरची कातडी सोललेला. मिरजेच्या दवाखान्यात काकीनं डोळे उघडून त्याला पहिला प्रश्न विचारला, "भडंग खाल्लास का?" तो म्हणाला, "दिलीपनं खाल्ला." काकी दिलीपला शिव्या देतच टेबलावर गेली. ती आज धडधाकट आहे, आणि दिलीपशी अजून बोलत नाही.

चाचा गेल्या उन्हाळ्यात गेले. दुपारी जरा पडतो म्हणून आडवे झाले आणि उठले नाहीत. अमर सीमेवर होता, मातीला पोचू शकला नाही. तिथली फोनची लाइन बंद होती, त्यामुळे त्याचा फोन काकीच्या घरी आला तो महिन्याभरानं, एका रविवारी. मी तिथंच होते. वाटलं, आता तो रडेल, किंवा आपण रडू. त्यानं आधी काकीची तब्येत विचारली. मग विचारलं, "हसीनाचाचीचं कुठलं काम अडलंय का गं कचेरीत?"

चाचांच्या बायकोला हे आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. आम्ही तिच्याकडं खिमट नेलं होतं, फळं नेली होती, जवळ बसून रडलो होतो. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा चाचीनं ट्रंकेतून पिशवी काढली. मृत्यूच्या दाखल्यावर चाचांचं नाव एक होतं, रेशनकार्डावर दुसरं, आणि त्यामुळे तिचं विधवा पेन्शन तेव्हापासून लोंबकळत होतं. दोन वेळा जाऊन आली होती, मग तिनं जाणं सोडलं होतं. शालनकाकी, मी आणि चाची कचेरीतल्या बाकावर सलग तीन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी काम झालं.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत ज्याचं माणूस दूर नोकरीवर आहे किंवा ज्याचं माणूस नुकतंच गेलं आहे, असं एक घर तुम्हाला माहीत आहे. उद्या सकाळी तिथं जा. रिकाम्या हातानं गेलात तरी चालेल. कुठला कागद अडलाय ते विचारा, तो अर्ज हातात घ्या, त्या माणसाला बरोबर घेऊन कचेरीत जा, आणि शिक्का बसेपर्यंत बाकावरून उठू नका.